एविल रात्री घेतली तर सकाळी गाडी चालवायची का? अ‍ॅलर्जीच्या झोप आणणाऱ्या गोळ्यांबद्दल जरा सविस्तर

तुमचा प्रश्न वाचला. मला समजलेलं असं: वय ३८, राहणार इंदूर, पहाटे सहाला बाईक काढून पीथमपूरला फर्स्ट शिफ्टला जाता. पावसाळा संपायला आला की शिंका, नाक गळणं सुरू होतं आणि अधूनमधून रात्री अंगावर पित्त उठतं, गांधी येतात. मेडिकलवरून एविल २५ आणून रात्री एक घेता, कधी अकराला कधी बारा वाजून गेल्यावर, दिवसा नाक फारच गळलं तर वर एक सर्दीची गोळी, आणि आईला (वय ७०) अंगाला खाज सुटते, झोपही लागत नाही म्हणून तिलाही अर्धी देता. विचारलंय की रोज किती घेतली तर सेफ आहे आणि सवय लागेल का.

मी फार्मासिस्ट आहे, रामबागेच्या बाजूला आमचं मेडिकल आहे, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात गाजर गवत फुललं आणि मागोमाग दिवाळीची झाडझूड सुरू झाली की काउंटरवर सगळ्यात जास्त ह्याच गोळ्या मागितल्या जातात. त्यामुळे तुमचा प्रश्न माझ्यासाठी रोजचा आहे, आणि तो जसा विचारलाय तसं त्याचं उत्तर एका ओळीत देता येतं: मोठ्या धडधाकट माणसाला २५ ची एक एविल हा काही जास्त डोस नाही. पण एवढंच सांगून मी थांबलो तर तुमचं नुकसान होईल, कारण तुमच्या बाबतीत धोका गोळीच्या आकड्यात नाहीये, तो तीन ठिकाणी आहे, सकाळच्या बाईकमध्ये, दिवसाच्या त्या सर्दीच्या गोळीत आणि आईच्या अर्ध्या गोळीत.

आधी ही गोळी करते काय ते बघू. अ‍ॅलर्जीत अंगात हिस्टामिन सुटतं, त्याने खाज येते, गांधी उठतात, नाक वाहतं. पण हेच हिस्टामिन मेंदूत दुसरं काम करतं, आपल्याला जागं आणि सावध ठेवतं. एविल (म्हणजे फेनिरामाइन), क्लोरफेनिरामाइन, डायफेनहायड्रामाइन, हायड्रॉक्सिझिन, प्रोमेथाझिन ही सगळी जुनी औषधं मेंदूत सहज शिरतात आणि तिथलंही हिस्टामिन अडवतात, म्हणून गुंगी येते. नव्या पिढीची औषधं, जसं फेक्सोफेनाडिन, लोराटाडिन, बिलास्टिन, यांना मेंदूच्या दारावरचा चौकीदार बऱ्याच अंशी बाहेरच हुसकावून लावतो, त्यामुळे खाज थांबते पण झोप फारशी येत नाही. सेट्रिझिन आणि लेव्होसेट्रिझिन नव्यातच मोजतात पण ती थोडी आत जातात, काहींना चांगली पेंग येते, काहींना अजिबात नाही.

इथे एक गैरसमज आहे तो मला रोज दिसतो. लोक येऊन म्हणतात, "भिया, वो हल्की वाली नहीं, तेज वाली देना", आणि तेज म्हणजे त्यांच्या हिशोबात जिने झोप येते ती. झोप येणं हा औषधाच्या ताकदीचा पुरावा नाही. खाज आणि शिंका थांबवायला नवी औषधं जुन्यांपेक्षा कमी पडत नाहीत, जुनी औषधं अंगातले सगळेच स्राव सुकवतात म्हणून नाक एकदम कोरडं होतं आणि वाटतं की वा, काय असर आहे. पण त्याच सुकवण्याने तोंड कोरडं पडतं, शौचाला कडक होतं, लघवीला अडतं, ते पुढे आईच्या मुद्द्यात येईलच.

आता सकाळची बाईक. ह्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण तुम्ही प्रश्नात लिहिलंय की "सकाळी झोप येत नाही, फक्त डोकं थोडं जड असतं, तासाभरात ठीक होतं." गोळी पोटात गेली की एक-दोन तासांत तिचा असर चढतो हे खरं, पण उतरायला फार वेळ लागतो. फेनिरामाइनचं अर्धं औषध रक्तातून जायला साधारण १६ ते १९ तास लागतात. म्हणजे तुम्ही रात्री साडेअकराला घेतली तर सकाळी सहाला किक मारताना निम्म्याहून बरंच जास्त औषध अंगात आहे, आणि रोज घेत असाल तर त्यात कालच्या गोळीचाही उरलेला भाग मिळवा. क्लोरफेनिरामाइनचंही असंच, तेही लांब टिकणारं आहे. "रात्रीची गोळी रात्रीच संपते" असं आपण धरून चालतो, ते ह्या औषधांना लागू नाही.

आणि त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे झोप येत नाही म्हणजे आपण ठीक आहोत, हेही खरं नाही. अमेरिकेत आयोवाला ड्रायव्हिंग सिम्युलेटरवर एक प्रयोग झाला होता, २००० साली छापून आला. त्यात तेच लोक वेगवेगळ्या दिवशी डायफेनहायड्रामाइन ५० मिलिग्रॅम, फेक्सोफेनाडिन, दारू आणि नुसती बिनऔषधाची गोळी घेऊन गाडी चालवत होते. डायफेनहायड्रामाइनवर गाडी सांभाळणं दारूपेक्षाही वाईट झालं, आणि फेक्सोफेनाडिनवर काही फरक पडला नाही. पण मला त्यातलं सगळ्यात कामाचं वाटतं ते हे, की कोणाला किती झोप येतेय असं वाटतंय त्यावरून तो गाडी कशी चालवेल याचा अंदाज लागत नव्हता. ज्याला वाटत होतं मी ठणठणीत आहे तोही चुकत होता. औषध एविल नव्हतं, पण त्याच जातीचं आहे आणि काम त्याच रस्त्याने करतं. राऊच्या पुढे सकाळी सकाळी ट्रक-ट्रेलरच्या मधून बाईक काढताना ब्रेक लावायला अर्धा सेकंद उशीर म्हणजे काय ते मी तुम्हाला सांगायला नको, तुम्ही रोज जाता. आणि कारखान्यात मशीनवर उभे राहत असाल तर पहिले दोन-तीन तास तोच प्रश्न तिथेही आहे, तेव्हा "डोकं थोडं जड" हे किरकोळ समजू नका.

म्हणून माझं स्पष्ट मत असं की ज्याला सकाळी लवकर गाडी चालवायची आहे किंवा मशीनवर उभं राहायचंय त्याने एविल रोजची गोळी करूच नये. एखाद्या रात्री खाज इतकी आहे की डोळा लागत नाही आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी आहे, तर घ्या, पण जेवण झाल्यावर आठ-साडेआठला घ्या, बाराला नाही. आणि रात्री दोनला जाग आली, खाज आहेच, म्हणून दुसरी गोळी तर कधीच नाही. खाजेवर त्या वेळी ओल्या गार फडक्याने अंग पुसणं, कॅलामाइन लावणं, पंख्याखाली सुती कपड्यात पडणं हे जास्त कामाचं आहे. पहिल्यांदाच घेत असाल तर शनिवारी रात्री घेऊन रविवारी आपण कसे आहोत ते घरात बसून बघा. काही माणसं एका गोळीत दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सुस्त असतात, ते प्रत्येकाचं वेगळं असतं, वजन, लिव्हर, वय, बाकीची औषधं यावर जातं, ते मला इथून सांगता येणार नाही.

सवयीचं विचारलंत. अल्प्राझोलामसारखी (ती चिंतेची-झोपेची गोळी) सवय ह्याची लागत नाही, पण दुसरं होतं. झोपेचा असर काही दिवसांतच बोथट होतो, मग माणूस म्हणतो आता एकाने भागत नाही, दोन घेतो. मेंदूचं लक्ष कमी होणं मात्र तेवढ्याने पूर्ण जातं असं धरू नका. शिवाय ह्या गोळीची झोप ताजी नसते, स्वप्नांची झोप त्यात कमी होते, म्हणून आठ तास पडूनही सकाळी अंग आंबल्यासारखं राहतं. ज्यांना खरं तर झोपेचा त्रास आहे आणि अ‍ॅलर्जीच्या नावाखाली एविल चालू आहे असे बरेच आहेत, त्यांनी झोपेसाठी वेगळं दाखवावं.

आता ती दिवसाची सर्दीची गोळी. तुम्ही नाव लिहिलं नाहीये, पण बाजारातल्या बहुतेक सर्दीच्या गोळ्यांची रचना एकच असते, ताप-अंगदुखीला पॅरासिटामॉल, नाक मोकळं करायला फिनाइलएफ्रिन आणि तिसरं एक अ‍ॅलर्जीचं औषध. ते तिसरं बहुधा क्लोरफेनिरामाइन असतं, जसं सिनारेस्टमध्ये आहे, काहींत सेट्रिझिन असतं. म्हणजे रात्री एविल आणि दुपारी सर्दीची गोळी हे तुम्हाला दोन आजारांवर दोन औषधं वाटतात, प्रत्यक्षात तुम्ही एकाच जातीचं औषध डबल घेताय. खोकल्याच्या पातळ औषधांतही हेच. बेनाड्रिलमध्ये डायफेनहायड्रामाइन असतं, कितीतरी सिरपांत क्लोरफेनिरामाइन असतं. प्रवासात उलटी होऊ नये म्हणून घाटात जाताना घेतात त्या गोळ्यासुद्धा बऱ्याचदा ह्याच कुटुंबातल्या.

तर स्ट्रिप उलटी करा. मागच्या बाजूला नावाखाली बारीक अक्षरात प्रत्येक गोळीत काय आणि किती मिलिग्रॅम हे छापलेलं असतं. पॅरासिटामॉल पहिलं आणि ठळक असतं, लोक तिथेच वाचायचं थांबतात, त्याच्या खालच्या ओळीत क्लोरफेनिरामाइन मॅलिएट २ किंवा ४ मिलिग्रॅम असं सापडेल. नावाच्या शेवटी "रामाइन" किंवा "झिन" दिसलं की थबकायचं आणि केमिस्टला विचारायचं. आणि एक, आपल्याकडे चार गोळ्या कापून न्यायची पद्धत आहे, कापल्यावर नेमकं नाव आणि एक्सपायरीचा तुकडा दुकानातच राहतो आणि घरी डब्यात पांढऱ्या गोळ्यांचे बिननावाचे तुकडे जमतात. कापण्याआधी पूर्ण स्ट्रिपचा मोबाईलवर फोटो काढायचा, कोणताही केमिस्ट नाही म्हणणार नाही. फिनाइलएफ्रिनने बीपी वाढू शकतं, तेव्हा बीपी असेल तर सर्दीची गोळी तशीही विचारूनच.

ह्याबरोबर काय घ्यायचं नाही तेही सांगतो. दारू अजिबात नाही, एक पेगसुद्धा नाही, दोघं मिळून गुंगी खूप वाढते. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, झोपेची कोणतीही गोळी, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रामाडोल, शुगरच्या पेशंटला पायाच्या मुंग्यांसाठी दिलेलं प्रेगाबालिन, अमिट्रिप्टिलिन, ह्यातलं काही चालू असेल तर एविल स्वतःच्या मनाने नाही. प्रोस्टेट वाढलेलं असेल, काचबिंदू असेल, मिरगी असेल तरीही नाही. हायड्रॉक्सिझिनचं आणखी एक म्हणजे ते हृदयाच्या ठोक्यांच्या लयीवर परिणाम करू शकतं, म्हणून हार्टच्या पेशंटने तर ते कोणाच्या सांगण्यावरून आणून खाऊ नये.

आता आई. इथे मी तुम्हाला आग्रहाने सांगतो, आजपासून तिची ती अर्धी गोळी बंद करा. तुम्ही प्रेमाने देताय हे दिसतंय, पण सत्तरीत ह्या जातीची औषधं शक्यतो द्यायचीच नाहीत असं जगभरात म्हाताऱ्या माणसांच्या औषधांचे नियम सांगतात. त्या वयात औषध अंगातून निघायला आणखी वेळ लागतो आणि मेंदू त्याला जास्त हळवा असतो. रात्री लघवीला उठताना तोल जाणं, मग खुब्याचं हाड, हे तर आहेच, पण त्याहून फसवं म्हणजे गोंधळ. आजी संध्याकाळी विचारतात आज कोणता वार, गॅस चालू ठेवून बाहेर येतात, घरचे म्हणतात वय झालं, आणि औषधांचा डबा बघावा तर त्यात रोजची सेट्रिझिन, सर्दीची गोळी आणि खोकल्याचं सिरप तिन्ही निघतात. डॉक्टरांनी ती थांबवली की काही दिवसांत माणूस बराच ताळ्यावर येतो हे मी काउंटरच्या ह्या बाजूने पाहिलंय. पोट साफ न होणं, डोळ्यांपुढे धूसर, तोंड इतकं कोरडं की कवळी टोचते, ह्या तक्रारीही विचारून बघा, आई आपणहून सांगणार नाहीत.

त्यांची खाज अ‍ॅलर्जीचीच आहे हे तरी कुठे ठरलंय? त्या वयात कातडी कोरडी पडते, आपल्याकडे थंडी सुरू झाली की आणखीच, आणि नुसत्या कोरडेपणाने रात्रभर खाज येते. आंघोळीचं पाणी कोमट, कडकडीत नाही, साबण फक्त काखेत-जांघेत, आणि अंग ओलसर असतानाच खोबरेल तेल किंवा साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर, दिवसातून दोनदा. आठ-दहा दिवस हे करून बघा. तरी कमी नाही झालं तर शुगर, थायरॉइड, किडनी, लिव्हर हे तपासायला डॉक्टरांकडे न्या, कारण ह्या सगळ्यांत पुरळ नसताना खाज येते. घरात आणखी कोणाला रात्री खाजतंय का तेही बघा, खरूज असेल तर एविलने ती फक्त झाकली जाते. गोळी द्यायचीच वेळ आली तर किडनीचा रिपोर्ट बघून कोणती आणि किती ते डॉक्टर ठरवतील, सेट्रिझिनसुद्धा किडनी कमी काम करत असेल तर निम्मी करावी लागते.

मग तुम्ही स्वतः काय घ्यायचं? शिंका आणि नाक गळणं दर वर्षी त्याच महिन्यांत, आठवडेच्या आठवडे असेल तर गोळीपेक्षा नाकात मारायचा स्टिरॉइडचा स्प्रे (फ्लुटिकासोन, मोमेटासोन वगैरे) जास्त चांगला. नाव ऐकून घाबरू नका, अंगात फार थोडा जातो, पण तो एका दिवसात काम करत नाही, रोज मारत राहावा लागतो, पूर्ण असर यायला आठवडा-दोन आठवडे. मारताना नोझल नाकाच्या मधल्या पडद्याकडे नाही, कानाच्या बाजूला तिरकं धरायचं, नाहीतर रक्त येतं. डॉक्टरांना दाखवून हा सुरू करा. गोळी लागलीच तर फेक्सोफेनाडिन, नाकासाठी १२०, अंगावरच्या पित्तासाठी १८०, दिवसातून एकदा, पण ती पाण्याबरोबरच. संत्र्याच्या किंवा सफरचंदाच्या ज्यूसबरोबर घेतली तर अंगात नीट शोषलीच जात नाही, अ‍ॅसिडिटीच्या अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियमच्या औषधानेही तेच होतं, त्यात दोन तासांचं अंतर ठेवा. बिलास्टिन २० रिकाम्या पोटी घ्यायची असते, म्हणजे पहाटे पोहे-जलेबी खाण्याच्या तासभर आधी. सेट्रिझिन १० स्वस्त आहे आणि चालते, पण तीही तुमच्यासाठी रात्री लवकर, आणि सकाळी जड वाटलं तर बदलायची.

पित्त उठतं त्याला नव्या गोळीचा डोस कधीकधी डॉक्टर चौपटीपर्यंत नेतात, ते तुम्ही वाचाल आणि स्वतः कराल म्हणून आधीच सांगतो, तो निर्णय त्यांचा.

लहान मुलांबद्दल तुम्ही विचारलेलं नाही पण घरात मूल असेल तर तुमची गोळी चतकोर करून देऊ नका. लहान मुलं ह्या औषधाने झोपण्याऐवजी उलट चेकाळतातही. क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलएफ्रिन एकत्र असलेली सर्दीची औषधं चार वर्षांखालच्या मुलांना द्यायची नाहीत असा केंद्राच्या औषध नियंत्रकांचा आदेश डिसेंबर २०२३ पासून आहे.

एक प्रसंग असा आहे जिथे गोळीची वाटच बघायची नाही. गांधींबरोबर ओठ-जीभ सुजली, आवाज घोगरा झाला, श्वास लागला, चक्कर आली किंवा उलट्या सुरू झाल्या, तर एविल ना गोळी ना इंजेक्शन ह्यावर भरवसा ठेवायचा. अंगावरचं पित्त त्याने बसेल पण गळ्याची सूज आणि पडणारं बीपी त्याने सावरत नाही, त्याला मांडीत अ‍ॅड्रिनलिनचं इंजेक्शनच लागतं. १०८ लावा, किंवा जवळच्या ज्या हॉस्पिटलला चोवीस तास कॅज्युअल्टी आहे तिथे सरळ जा, आणि तिथे पहिलं वाक्य "अ‍ॅलर्जीने श्वास लागलाय" हेच बोला. पेशंटला बाईकवर मध्ये बसवून नेऊ नका, आडवं ठेवा, श्वास फारच लागत असेल तर टेकून बसवा.

एविल बंद करताना तुमच्या एका गोळीला हळूहळू कमी करण्याची गरज पडू नये, एक-दोन रात्री झोप लांबेल तेवढंच. पण सेट्रिझिन किंवा लेव्होसेट्रिझिन जर कोणी महिनोन्‌महिने रोज घेत असेल आणि बंद केल्यावर दोन-चार दिवसांत अंगभर भयंकर खाज सुटली, तर ती अ‍ॅलर्जी परत आली असंच धरू नका, बंद करण्यानेही अशी खाज येते, २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध खात्याने तशी सूचना काढली. त्यांनी डॉक्टरांना विचारून उतरवत न्यावं. आणि अ‍ॅलर्जीची कातडीवरची टेस्ट करायची ठरली तर साधारण आठवडाभर आधी ह्या सगळ्या गोळ्या, सर्दीच्या गोळीसकट, थांबवाव्या लागतात, नाहीतर टेस्ट खोटी निगेटिव्ह येते, किती दिवस ते टेस्ट करणाऱ्याकडून नक्की करून घ्या.

पित्त सहा आठवड्यांच्या वर चालूच राहिलं तर स्किनच्या डॉक्टरांना दाखवाच. जाण्याआधी गांधी उठलेल्या असतानाच मोबाईलवर फोटो काढून ठेवा, कारण ओपीडीत नंबर लागेपर्यंत त्या बहुतेक विरून गेलेल्या असतात. आणि एखादी गांध पेनाने गोल करून ठेवा, ती चोवीस तासांच्या वर त्याच जागी टिकली, खाजण्यापेक्षा दुखत असली किंवा जाताना काळानिळा डाग ठेवून गेली, तर ते मुद्दाम सांगा, त्याचा तपास वेगळा करावा लागतो.